माझ्या क्लासला वारस नको!

सर्वप्रथम एक कबुली. माझं शिक्षण केजीपासून कॉन्व्हेंटमध्ये झालंय. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. मराठी विभागाची पानं भरत नाहीत म्हणून संपादक मंडळातल्या एका मैत्रिणीनं मला मेसच्या रांगेत गाठलं, तेव्हा तिला माझ्याकडून पाऊस नाहीतर 'आई' या विषयावरची कविता हवी होती. ती मला जमणार नाही. मला सध्या एकाच विषयावर बोलावंसं वाटतंय आणि तो विषय आहे इनहेरिटन्स. म्हणजे वारसा. त्यातही वारसा कसा द्यावा हे नाही, तर तो कसा थांबवावा! सिव्हिल आणि मेकॅनिकलवाल्यांनी लगेच पान उलटू नये. गोष्ट कॉम्प्युटरची असली तरी सुरुवात गावात होते.

आमचं गाव पासली. वेल्ह्यावरून केळदकडे, मढे घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर. पावसाळ्यात धबधबा बघायला बाईक काढणाऱ्यांनी ते पाहिलं असेल, म्हणजे जाताना मागे टाकलं असेल. बाबा नोकरीसाठी पुण्यात आले आणि मी पुण्यातच वाढले, पण आजी, काका-काकी आणि भाताची खाचरं तिकडेच आहेत. दुसऱ्या वर्षाला असताना दिवाळीत गेले होते, तेव्हा आजीनं विचारलं, "काय शिकतीस गं तिकडं?" परीक्षेत नुकताच तो चॅप्टर झाला होता, म्हणून मी म्हटलं, "आजी, आता वारसा शिकलो आम्ही."

"वारस लावायचं व्हय? मंग तलाठ्याकडं बसायचं. त्याला कॉलेज कशाला?"

सगळे हसले, मीही हसले. पण आजीला वारसा म्हणजे काय ते माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं, हे मला पुढच्या वर्षी कळलं.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगमध्ये क्लास म्हणजे एक साचा. बँकेचं खातं कसं असतं, त्यात शिल्लक असते, पैसे जमा होतात, निघतात, हे सगळं एकदा लिहून ठेवायचं. मग दुसऱ्या कुणाला बचत खातं हवं असेल तर त्यानं पहिल्यापासून लिहायचं नाही. 'माझा क्लास याचा वारस' असं जाहीर केलं की बापाचं सगळं मुलाला मिळतं. शिवाय मुलगा बापाची एखादी पद्धत बदलून आपली घालू शकतो. याला ओव्हरराइड म्हणतात. व्हायवाला विचारलं की आपण सगळे एका सुरात सांगतो, "सर, इनहेरिटन्समुळे कोड पुन्हा वापरता येतो." सर मान डोलावतात आणि मार्क देतात. मीही असेच मार्क मिळवले.

आता गोष्ट. पासलीत काकीचा महिला बचत गट आहे. काकी त्याची सचिव. दर महिन्याला ठराविक हप्ता, वहीत नोंद, देवळात बैठक. सुट्टीत मी हौसेनं जावामध्ये एक छोटा प्रोग्रॅम करून दिला. त्यात 'खाते' नावाचा क्लास. त्यात एक हप्ता भरण्यासाठी 'जमा' ही मेथड आणि थकलेले दोन-चार हप्ते एकत्र भरणाऱ्यांसाठी 'एकदम जमा'. चुलतभावाकडे जुना लॅपटॉप होता, तो आकडे टाकायचा आणि काकी वहीत उतरवून घ्यायची. काकी गावभर सांगत सुटली की आमच्या पोरीनं केलंय!

काही महिन्यांनी गटानं ठरवलं की उशिरा येणाऱ्या प्रत्येक हप्त्याला १० रुपये दंड. माझी तेव्हा सबमिशन्स चालू होती, म्हणून माझ्या रूममेटनं ते काम अंगावर घेतलं. तिनं माझ्या फाइलला हातही लावला नाही. पुस्तकात सांगतात तसं तिनं 'दंड खाते' हा 'खाते'चा वारस केला. 'जमा' ओव्हरराइड करून त्यात दंड घातला, 'एकदम जमा' ओव्हरराइड करून त्यातही प्रत्येक हप्त्याचा दंड घातला आणि बाकीचं काम बापाकडे, म्हणजे माझ्या क्लासकडे सोपवलं. एकदम बरोबर चाललं. तिचं काही चुकलं नाही, हे लक्षात ठेवा.

पुढे सेमिस्टर संपल्यावर मी माझा जुना कोड उघडला. लाज वाटली इतका तो अस्ताव्यस्त होता. 'एकदम जमा'मध्ये मी सगळ्या हप्त्यांची बेरीज करून थेट शिल्लक वाढवत होते. मी ते 'सुधारलं'. आता ती मेथड प्रत्येक हप्त्यासाठी 'जमा'ला बोलावणार. सुटसुटीत! माझा क्लास तपासला, उत्तरं तीच आली. नवीन फाइल चुलतभावाला पाठवून दिली.

हुशार वाचकांच्या लक्षात आलंच असेल. माझी 'एकदम जमा' आता 'जमा'ला हाक मारत होती, पण समोर वारस उभा असल्यामुळे त्या हाकेला ओ देत होती रूममेटची 'जमा'. म्हणजे दंडवाली! तिच्या 'एकदम जमा'नं एकदा दंड लावला, मग काम माझ्याकडे आलं आणि मी न कळत पुन्हा तिच्याच दारात गेले. प्रत्येक हप्त्याला १० ऐवजी २० रुपये. कंपायलरनं एक शब्द काढला नाही, साधं वॉर्निंगसुद्धा नाही.

यात सापडलं कोण? दर महिन्याला वेळेवर भरणाऱ्या बायका नाहीत. सापडल्या त्या कामाला बाहेर गेलेल्या आणि परत आल्यावर तीन महिन्यांचे हप्ते एकदम भरणाऱ्या. म्हणजे ज्यांना ३० रुपयेही जड होते त्यांच्याकडून ६० घेतले गेले. त्यातल्या एका म्हाताऱ्या बाईंना लिहिता-वाचता येत नाही, पण त्यांनी बोटांवर हिशेब केला आणि भर बैठकीत विचारलं, "वरचं तीस कुणाच्या पदरात?" वही काकीच्या हातची होती, अक्षर काकीचं होतं. उत्तर काकीलाच द्यायचं होतं आणि तिच्याकडे उत्तर नव्हतं.

त्या रात्री काकीनं मला फोन केला. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "पोरी, तुझ्या मशिनीचं काय चुकलंय ते बघ. मला देवळात मान खाली घालावी लागली." आम्ही दोघी रात्रभर कोड वाचत बसलो. मी माझी ओळन् ओळ तपासली, ती बरोबर. तिनं तिची तपासली, तीही बरोबर. चूक दोघींच्या मध्ये होती. पहाटे कधीतरी ती सापडली.

मित्रांनो, या प्रकाराला पुस्तकात नाव आहे, 'फ्रॅजाइल बेस क्लास', म्हणजे ठिसूळ पाया. बापानं घरातल्या घरात खुर्ची हलवली तरी मुलाचं घर पडतं, कारण मुलगा बापाच्या नुसत्या नावाचा वारस नसतो, तो त्याच्या सवयींचाही वारस असतो. कोणती मेथड आतून कुणाला बोलावते ही माझी खाजगी सवय होती, ती मी कुठे लिहून दिली नव्हती. पण वारसाचा संसार त्या सवयीवर उभा होता.

यावर उपाय आपल्या भाषांमध्ये कधीपासून आहे, आणि तो फार लहान आहे. जावामध्ये क्लासच्या आधी 'फायनल' हा शब्द लिहायचा. मग कुणी त्याचा वारस व्हायला गेलं की कंपायलर तिथेच अडवतो. कंपायलरला चुकवून कुणी तयार फाइल घुसवली, तर जावाचं व्हर्च्युअल मशीन ती लोड करायलाच नकार देतं. सी शार्पमध्ये हाच शब्द 'सील्ड', म्हणजे सीलबंद. सी प्लस प्लसमध्ये मात्र २०११ पर्यंत असा शब्दच नव्हता. तेव्हाची युक्ती गमतीदार आहे. एक छोटा 'कुलूप' क्लास लिहायचा, त्याचा कन्स्ट्रक्टर प्रायव्हेट ठेवायचा, फक्त आपल्या क्लासला त्याचा फ्रेंड करायचं आणि आपला क्लास त्या कुलपापासून व्हर्च्युअल पद्धतीनं डिराइव्ह करायचा. नियम असा, की व्हर्च्युअल बेसचा कन्स्ट्रक्टर सगळ्यात खालच्या वारसानं बोलवायचा. पण तो वारस कुलपाचा फ्रेंड नसतो, कारण सी प्लस प्लसमध्ये मैत्री वारशानं मिळत नाही! त्यामुळे त्याचा ऑब्जेक्ट बनूच शकत नाही. वारसा थांबवायला वारशाचाच वापर. पुढे सी प्लस प्लस ११ मध्ये 'फायनल' आला आणि ही कसरत संपली.

आता तुम्ही म्हणाल, काकीच्या गटाचं ठीक आहे, मोठमोठ्या कंपन्यांत हुशार माणसं असतात, त्यांचं असं होत नसेल. होतं! जावाची पहिली आवृत्ती १९९६ ची. त्यात 'स्टॅक' हा क्लास 'व्हेक्टर'चा वारस केलाय. स्टॅक म्हणजे आपल्या मेसमधल्या ताटांची चळत. वर ठेवलेलं ताट आधी उचलायचं, मधलं ओढायचं नाही. पण व्हेक्टर म्हणजे रांग, तिच्यात कुठेही हात घालता येतो. वारशानं ती मुभा स्टॅकलाही मिळाली. म्हणजे जावाच्या स्टॅकमध्ये मधलं ताट बिनदिक्कत ओढता येतं. आजही येतं, कारण हे नातं तोडलं तर त्यावर उभे असलेले जुने प्रोग्रॅम पडतील. 'प्रॉपर्टीज' हा क्लास 'हॅशटेबल'चा वारस केला, तिथेही तेच. त्यात फक्त अक्षरं ठेवायची असताना वाटेल ते कोंबता येतं, आणि कागदपत्रात 'कृपया असं करू नका' अशी सूचना लिहून ठेवावी लागलीय. आपल्या वॉश बेसिनवरच्या सूचनेसारखी.

त्याच लोकांनी 'स्ट्रिंग' हा क्लास मात्र फायनल केला आणि फार शहाणपण केलं. समजा रेक्टर मॅडमनी गेटपासवर सही केली आणि सही झाल्यावर गेटपासवरची वेळ आपोआप बदलली तर? (काहींना हे आवडेल, पण विषय तो नाही.) प्रोग्रॅम आधी तपासतो की या नावाची फाइल उघडायची परवानगी आहे का, आणि मग ती उघडतो. ते नाव म्हणजे एक स्ट्रिंग. तपासल्यावर नाव बदलणारा लबाड वारस कुणी बनवू शकला असता तर तपासणीला अर्थच उरला नसता. तीच काळजी 'बिगइंटिजर' आणि 'बिगडेसिमल'च्या बाबतीत घ्यायची राहिली, ते क्लास उघडे राहिले. जोशुआ ब्लॉक यांनी २००१ मध्ये आलेल्या 'इफेक्टिव्ह जावा' या पुस्तकात सरळ सल्ला दिलाय, की क्लास वारशासाठी विचार करून बनवा आणि तसं लिहून ठेवा, नाहीतर वारसा बंद करा. कोटलिन ही भाषा तर याच्या पुढे गेली. तिची पहिली आवृत्ती २०१६ ची. तिच्यात क्लास मुळातच बंद असतो. वारस हवा असेल तर 'ओपन' असं तुम्हाला मुद्दाम लिहावं लागतं.

माझं मत असं, की कोटलिनचं बरोबर आहे. दार बंद असावं आणि विचार करून उघडावं. आपण शिकतो ते याच्या उलट आहे.

या मतावर हॉस्टेलमध्ये बरीच भांडणं झालीत, म्हणून विरोधकांचं म्हणणंही मांडते. पहिला मुद्दा, क्लास वाढवायला मोकळा आणि बदलायला बंद असावा, हे बर्ट्रांड मायर यांचं १९८८ पासूनचं तत्त्व. मान्य. पण वाढवायला वारसाच लागतो असं कुठे आहे? आम्ही शेवटी काय केलं सांगते. 'खाते' फायनल केलं. रूममेटचं 'दंड खाते' आता त्याचा वारस नाही, त्याच्या पोटात एक 'खाते' आहे. ती आधी दंड लावते आणि मग आतल्या खात्याला पैसे देते. आतलं खातं स्वतःच्या 'जमा'ला बोलावतं, तिच्या नाही, कारण ती त्याच्या घरातच नाही. मी आत काहीही बदललं तरी दंड १० रुपयेच राहतो. दोन ओळी जास्त लिहाव्या लागल्या, बस.

दुसरा मुद्दा जास्त खरा आहे. बंद क्लासमुळे दुसऱ्यांची अडचण होते. टेस्टिंगसाठी खोटा ऑब्जेक्ट बनवायचा तर 'मॉकिटो'सारखी साधनं पूर्वी तुमच्या क्लासचा वारसच बनवत असत, म्हणून फायनल दिसला की ती अडायची. २०१६ मध्ये मॉकिटोनं त्यावर दुसरा मार्ग काढला. स्प्रिंगसारखी फ्रेमवर्कही गुपचूप वारस बनवून काम करते, म्हणून कोटलिनवाल्यांना ठराविक क्लास आपोआप उघडे करणारं प्लगिन द्यावं लागलं. तेव्हा सगळं कायमचं बंद करा असं मी म्हणत नाही. जावा १७ मध्ये, म्हणजे २०२१ ला, मधला मार्गही पक्का झाला. तिथे 'सील्ड' क्लास आपल्या वारसांची नावं स्वतः लिहून देतो, त्या यादीबाहेरच्या कुणाला प्रवेश नाही. हे ऐकल्यावर आजी म्हणेल, "म्हंजी मृत्युपत्र!" अगदी तेच.

तिसरा मुद्दा रूममेटचा. त्या पहाटे मी 'खाते'च्या आधी फायनल लिहिलं आणि तिची अख्खी फाइल लाल झाली. ती हसत म्हणाली, पण तिला लागलं होतं, "माझ्यावर विश्वास नाही का?"

मला उत्तर द्यायला वेळ लागला. विश्वास तिच्यावर होता, माझ्यावर नव्हता. मी उद्या पुन्हा माझं घर आवरायला घेईन आणि मला आठवणार नाही की माझ्या भिंतीवर कुणाची तुळई टेकलीय. फायनल हे वारसावरचं बंधन आहे असं आपण समजतो. मला तर ते बापावरच्या अविश्वासाचं वाटतं. जे वचन मी दिलेलंच नाही, त्यावर कुणी अवलंबून राहू नये एवढंच ते सांगतं. आणि त्यामुळे मलाही माझं घर हवं तसं आवरायची मोकळीक राहते.

वारशाचे दुष्परिणाम बघायला आपल्याला कॉम्प्युटर लॅबमध्येही जायला नको. जर्नल्स बघा! सीनियरकडून ज्युनियरला, त्याच्याकडून त्याच्या ज्युनियरला. प्रयोग कुणी का केला, रीडिंग कुठून आलं, कुणाला माहीत नसतं, पण रीडिंग इमानेइतबारे उतरतं. कधीकाळी कुणीतरी घाईत चुकवलेली दशांश चिन्हाची जागासुद्धा पिढ्यान् पिढ्या जपली जाते. (सरांनी हा परिच्छेद वाचला नाही असं समजावं.)

पण सर-मॅडमना एक मनापासून विनंती आहे. आपल्या प्रॅक्टिकलच्या यादीत शेप आणि सर्कल, ॲनिमल आणि डॉग, पर्सन आणि स्टुडंट अशी वारसा करायला लावणारी कितीतरी उदाहरणं असतात. त्यात एक उलटं घाला. एका मुलानं बेस क्लास लिहायचा, दुसऱ्यानं त्याचा वारस करायचा, मग पहिल्यानं आपला क्लास दुसऱ्याला न सांगता 'सुधारायचा' आणि काय पडतं ते दोघांनी मिळून शोधायचं. एका दुपारचं काम आहे. व्हायवालाही "इनहेरिटन्सचे फायदे सांगा" याच्यानंतर एक प्रश्न वाढवा, "हा क्लास तुम्ही उघडा का ठेवलात?" मला तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी गप्प बसले असते, पण निदान विचार तरी केला असता.

बाकी गटाचं काय झालं? पुढच्या बैठकीला मी स्वतः पासलीला गेले. देवळात सगळ्या बायकांसमोर उभं राहून माझी चूक सांगितली. ओव्हरराइड वगैरे कसं सांगणार? म्हटलं, दंड मशीननं दोनदा लावला, काकीनं नाही. जास्त घेतलेले पैसे तिथेच परत दिले, वहीत तशी नोंद झाली. बोटांवर हिशेब करणाऱ्या त्या म्हाताऱ्या बाईंनी तीस रुपये मोजून कनवटीला लावले आणि विचारलं, "आता पुन्हा न्हाई ना व्हायचं?"

"नाही," म्हटलं, "आता बंद केलंय."

तरी काकी तेव्हापासून मशीनच्या शेजारी बसून बोटांवर मोजते. तिला मी अडवत नाही.